नाल्याकाठची धून

कामरगाव,
सोमवार, दि. ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अंजना,
सप्रेम जय भीम.

आई गेली त्या सकाळी मी साडेपाचला उठलो, तोंड धुतलं, वंदना घेतली आणि पेटी पिशवीत घालून नाल्याकडे गेलो. हे तुला आजवर सांगितलेलं नाही. सांगतो. आधी इकडची खुशाली.

सोयाबीन निघालं. तूर फुलावर आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीनं पुन्हा धरला. परवा धम्मदीपाचा फोन आला होता. म्हणाली, "मामा, आजीच्या यंदाच्या पुण्यानुमोदनाले ती नाल्यावरची धून वाजवाच. मी मैत्रिणींले सांगून ठेवलं, माह्या मामानं सोता बनवली म्हून." तेव्हापासून जेवण जात नाही.

माझी ही सहा कोनांची पेटी, कॉन्सर्टिना, कोणी पाहुणा विहारात विसरून गेला होता आणि भंतेजींनी ती मला दिली, हे तुला ठाऊकच आहे. बटण तेच, पण भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा. हार्मोनियमच्या सवयीच्या बोटांना ते जमायला वर्ष लागलं. मग धुना सुचू लागल्या. घरात नाही, रानात फिरतानाच. वहीत चौदा आहेत. 'केनवडचा रस्ता', 'बगळे', 'पळसाखालचं ऊन'. प्रत्येकीखाली जागा आणि तारीख लिहितो. त्यातली एक तारीख खोटी आहे. मी ती एक दिवस मागे नेली.

आई तेव्हा शेलूबाजारला तुझ्याकडे होती. आदल्या संध्याकाळी तू फोन केलास, "दादा, मायले बरं नाही. तुहंच नाव घेऊन राह्यली. सकाळच्या गाडीनं ये." मी मुन्नाला जागा धरायला सांगितली. त्याची जीप सातला निघते. पण दोन दिवसांपासून एक धून डोक्यात होती आणि तिचा शेवट सापडत नव्हता. सकाळी म्हटलं, अजून तासभर आहे. फोन मध्येच वाजू नये म्हणून बंद केला.

नाल्यावर धुकं होतं. पाणी थोडंच, दगडांमधून वाट काढत चाललेलं. मी तसंच वाजवत गेलो. मग रस्त्यावरून हॉर्न आला. मुन्ना माझ्यासाठी थांबला होता. थोड्या वेळानं पुन्हा. मी उठलो नाही. ऐकू आलं नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. ऐकू आलं होतं, अंजना. तिसरा हॉर्न त्यानं लांब दिला, आणि मी बसल्या जागी ते तिन्ही पेटीवर घेतले. दोन आखूड, एक लांब. धून पुरी झाली.

बुद्धपौर्णिमेला विहारात ती वाजवली तेव्हा तू म्हणालीस, "शेवटी टिटवी बोलते पाह्य." ती टिटवी नाही.

त्या क्षणी मला आनंद झाला होता. तो अजून आठवतो. याचीच जास्त लाज वाटते.

आई साडेनऊला गेली. मी बाराला पोचलो. तू दारातच गळ्यात पडलीस, "कुठं राह्यला दादा? गाडी वाजली का माय मान उचले. जानराव आला का, म्हने." आणि मी म्हणालो, "मुन्नाची जीप बंद पडली."

विचार करून बोललो नव्हतो. पण मागेही घेतलं नाही. आई गेल्यावर तुझ्याकडे पुण्यानुमोदन झालं, त्याला मुन्ना आला, तेव्हा तू चारचौघांत त्याला म्हणालीस, "खटारा चालवून लोकायले मायचं तोंड पाहू देत नाही. माह्या दारात पाय ठेऊ नोको." मी तिथेच आईच्या फोटोसमोर उदबत्ती लावत होतो. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, चपला घातल्या आणि गेला. पुढे कधीतरी मी त्याला विचारलं, बोलला का नाहीस? तो म्हणाला, "तुमची माय गेली होती भाऊ. तवा तुमाले खोटं पाडू का?"

दर रविवारी विहारात शीलं मी म्हणवून घेतो. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की मला खोकला येतो. दोन वर्षं येतो आहे. गोमतीबाई बिचाऱ्या दर रविवारी पदराच्या गाठीत अद्रकाचा तुकडा आणतात.

काल मी मुन्नाला मुद्दाम विहारात बोलावलं. वंदना झाल्यावर खाली बसलो नाही, सगळं सांगितलं. पहिल्यांदा गोमतीबाईच म्हणाल्या, "म्हंजे तो खोकला नव्हता! दोन वर्सं माहं अद्रक खाल्लं यानं!" लोक हसले. मुन्ना हसला नाही. दाराशी बसल्या बसल्या म्हणाला, "हॉर्न मी चारदा देल्ला होता, भाऊ."

चौथा मला खरंच ऐकू आला नाही. तेव्हा मी ती धून पहिल्यापासून वाजवून पाहत होतो.

तुला आधी सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, जाऊ दे दादा, घरातली गोष्ट घरात. फोनवरही तेच म्हणाली असतीस. म्हणून आधी तिथे सांगितलं आणि मग आज पहाटे हे लिहायला घेतलं. वहीतली तारीख खोडून खरी घातली आहे. धून वाजवायची का, ते तू आणि धम्मदीपा ठरवा. वाजवायची झाली, तर ती कशी झाली ते आधी सांगेन.

इथून पुढचं अक्षर वेडंवाकडं आहे, कारण जीपमध्ये बसून लिहितो आहे. आज मी पावणेसातलाच स्टँडवर होतो. मुन्नानं हॉर्न दिला नाही, नुसतं दार उघडलं. शेलूबाजार आता जवळ आलं. हे पत्र तुझ्याकडे आत पाठवतो आणि आम्ही दोघं बाहेर रस्त्यावर थांबतो. सावकाश वाच.

बोलावलंस, तर आधी मुन्नाला बोलाव.

तुझ्या दारासमोर उभा,
दादा