सैंधवसुद्धा मीठच

सोमेश,

रात्रपाळी करून नुकताच झोपला होतास, म्हणून निघताना उठवलं नाही. मी कीर्तनात आहे असं समजू नकोस. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तुझा नंबर लावून बसले आहे. इथल्या पोराच्या हाती चिठ्ठी पाठवते आहे, वाचलीस की लगेच ये.

देवळात जाता जाता त्या भेटल्या. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "उपवासाचं सैंधव घालूनच सगळा स्वयंपाक करते, आता सोमेशला प्रेशरची गोळी लागत नाही." त्या लगेच म्हणाल्या, "अहो काकू, देवाला चालतं ते प्रेशरला चालत नाही. सैंधवसुद्धा मीठच की! गोळी कुणाला विचारून बंद केली?"

मीच म्हटलं होतं, राहू दे गोळी. एरवी माझं एक ऐकत नाहीस, हे बरं ऐकलंस.

एवढ्या लहान वयात प्रेशर कसं, तेही त्यांनी खोदून विचारलं. इचलकरंजीची रात्रपाळी, अर्धी झोप, गाड्यावरची भजी, सगळं सांगितलं. तंबाखूचंही सांगितलं. तुझी पँट मीच धुते की. मग तुझे बाबा प्रेशरनंच गेले ते सांगितलं, तेव्हा त्यांनी तुझा नंबर पुढे घेतला.

आपल्या मनानं गोळी घेऊ नकोस, पाकीट सोबत आण. गाडी काढू नकोस, रिक्षानं ये. ताक झाकून ठेवलंय, ते पिऊन नीघ.

आज काल्याचं कीर्तन आहे. ते चुकलं तर देव समजून घेईल. तू मात्र उशीर करू नकोस.

आई