चटईवरची मामाची जागा

कांदावू बेट,
३ ऑगस्ट १९९८

बाळ वेरेनिकी,

गुडघे सोडले तर तुझी आई ठीक आहे. तूही देवाच्या दयेनं बरा असशील. अक्षर कुणाचं ते पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. हो, तुझी बहीणच लिहिते आहे. एरवी माझी पत्रं लिहून देणारी पाद्रीबाबांची बायको माहेरी गेली आहे. तेव्हा कागद खाली ठेवू नकोस, कर्नल.

मोठे झाल्यापासून तुम्ही भावंडं रीतीप्रमाणे एकमेकांशी थेट बोलला नाहीत, मध्ये नेहमी मी. आताही बोल माझे, हात तेवढा उनाइसीचा.

तुझी निमंत्रणपत्रिका पोचली. छत्तीस वर्षांची नोकरी संपली म्हणून राजधानीत, सुवात मोठं संचलन आहे, बँड आहे, आईनं पहिल्या रांगेत बसायचं आहे. सगळ्या गावाला वाचून दाखवली. आपला म्हातारा गावप्रमुख रातू म्हणाला, "कोंबडी कापताना डोळे मिटणारं पोर ते! कर्नल कसं झालं?" मी म्हटलं, "डोळे मिटूनच झालं असेल." सगळे हसले. उनाइसी हसली नाही. आता लिहिताना जराशी हसली.

तुझी बढती मला दर वेळी रेडिओवरूनच कळली. लेबनॉनला गेलास तेव्हा मी कंद खणत होते; कुणीतरी बांधावरून ओरडून सांगितलं. कॅप्टन झालास, मेजर झालास, छातीवर रंगीत पट्ट्या वाढत गेल्या. परक्या लोकांची भांडणं सोडवायला तू दोनदा समुद्र ओलांडलास. मला अभिमान नाही असं समजू नकोस. पण घरचं एक भांडण, जे कुणी केलंच नाही, ते तेवढं तुला सोडवता आलं नाही.

यंदा मासळी बरी आहे. चर्चचं छप्पर पुन्हा गळतं.

उनाइसीनं लेखणी थांबवली. म्हणते, "आई, छपराचं पुरे. त्याचं नाव घे."

घेते. सेमिती.

भाच्यानं मागितलेलं मामानं नाकारायचं नसतं. डुक्कर मागो, होडी मागो, द्यायचं. आमच्या सेमितीनं, उनाइसीच्या पोरानं, तुझी पलटण मागितली. मेल्यानं डुक्कर मागितलं असतं तर! दुसऱ्यांदा समुद्र ओलांडलास तेव्हा तू त्याला वाळवंटात नेलंस, तिथं ट्रक उलटला. तुला नाही म्हणता येत नव्हतं. हे मला ठाऊक, त्याच्या आईला ठाऊक. एकट्या तुलाच ठाऊक नाही.

पण शवपेटीबरोबर तू आलास तो गणवेशाच्या पांढऱ्या, दातेरी काठाच्या लुंगीत, पदकं लावून. ताठ उभा राहिलास, सलाम केलास, घडी घातलेला झेंडा उनाइसीच्या मांडीवर ठेवलास. दुःखाच्या घरी मान म्हणून आणि माफीसाठी द्यायचा व्हेलचा दात पुढे केला तोही पलटणीच्या वतीनं, तुझ्या सार्जंटनं. गावानं रीतीच्या टाळ्या वाजवून तो घेतला, घ्यावाच लागतो. शवापाशी चटईवर मामाची जागा मोकळी होती. लहान मुलंसुद्धा त्या जागेला वळसा घालून जात होती. तू त्याच बोटीनं परत गेलास. त्या दिवशी सैन्य आलं होतं, वेरेनिकी. मामा आला नव्हता.

सगळ्यांची सुतकं कधीच फिटली. उनाइसी अजून सुतकाच्या काळ्या कपड्यात आहे. सुतक फेडायला गेलेल्या मुलाच्या आईच्या अंगावर नवं कापड घालायचं ते त्याच्या मामाच्या हातून, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ती घेत नाही. रातू म्हणाला, "मी घालतो." तिनं त्याला नीट चहा पाजला आणि घरी पाठवलं. तिचा अबोला रीतीचा की रागाचा, हे तुला ओळखता आलं नसेल. मलाही येत नव्हतं. म्हणून काल विचारलं. म्हणाली, "राग असता तर कापड रातूकडून घेतलं असतं."

इथं कागद भिजला. शाई पसरली आहे ती तिच्यामुळे, मी काही पाणी सांडलेलं नाही.

तुझ्या संचलनाला मी येणार नाही. बँडच्या मागे लपलेला मुलगा बघायला एवढा समुद्र कोण ओलांडेल? संचलन उरकून तू ये. पदकं पेटीत ठेव. घरात घालायची जुनी लुंगी नेस. दात स्वतः हातात धर आणि स्वतःच्या तोंडानं बोल. बोलता बोलता रडू आलं तर रड. इथं कुणी तुझ्या हुद्द्याला घाबरत नाही.

उनाइसीला विचारलं, "तुझं काही सांगायचं आहे?" तिनं लेखणी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, त्याला सांग, बोट शनिवारी लागते. मी किनाऱ्यावर येणार नाही. घरात चटईवर बसलेली असेन. त्याची जागा अजून कुणाला दिलेली नाही."

सांगितलं.

तुझी आई,
आणि हे पत्र लिहिणारी, सेमितीची आई