झूल घातलेला शेरीफ

मुक्काम आपलं गाव, मंडल बोथ, जिल्हा आदिलाबाद
२० जुलै १९९२

भगवानदादा,

धाकट्या मावसभावाचा वाकून नमस्कार पोचो. मारुतीरायाच्या कृपेनं इकडे सगळे धड आहेत. तुमच्या भावजयीचा, विमलचा, गुडघा तेवढा ढग आले की बोलतो. तुमची तब्येत कशी आहे? (डॉक्टरला हे विचारू नये असं विमल म्हणते, पण विचारलं नाही तर पत्र सुरू कसं करायचं?) वहिनींना तिकडे विलायतेत ज्वारीचं पीठ मिळतं का? कपाशी घोट्याला लागली आहे. निंदण चालू आहे.

तुम्ही वडील आहात म्हणून तुमच्यावर रागावता येत नाही, पण माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तुमचं गेल्या साली आलेलं पत्र आहे. तुम्ही लिहिलं होतं की तुमच्या परगण्यात हाय शेरीफ म्हणून एक मानकरी असतो. काळी मखमल, गळ्याला झालर, गुडघ्यापर्यंतची विजार, कमरेला तलवार. हाती सत्ता काही नाही, पगार नाही, सगळं पदरचं. न्यायाधीश गावात आला की त्याच्या शेजारी बसायचं आणि वर्षभर हिंडून, गाजावाजा न करता चांगलं काम करणाऱ्या माणसांचे आभार मानायचे. नाव कसं ठरतं, तर कागदावर नावं लिहितात आणि राणी दाभणानं एका नावाला भोक पाडते. मी ते पत्र मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचलं. तीच माझी चूक.

तुम्हाला माहीतच आहे, सरकारनं पटेल-पटवारी एका हुकमात घरी बसवले आणि पोळ्यात ज्यांचा बैल पहिला असायचा ते आपले पटेल आदिलाबादला राहायला गेले. तेव्हापासून पोळ्याला कोणाचा बैल पुढे, यावरून दर साली भांडण. एका साली तर तोरण संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं आणि भुकेल्या बैलांनी त्याची आंब्याची पानं खाल्ली. पत्र ऐकून केशवराव मास्तर (तेच, चौथीपर्यंत आम्हाला शिकवणारे) म्हणाले की झगडा मिटवायला हा विलायती कायदा झकास आहे. एक साल एक मानकरी. गाव लगेच कबूल झालं. राणी म्हणून बयनाबाई सुईण ठरली, कारण अर्धं गाव तिच्याच हातून जन्मलं.

नावं तीन निघाली: आमच्या शेजारचा चंपतराव, मी आणि नागोराव. अक्षर चांगलं म्हणून कागद मी लिहिला. दादा, तुमच्यापासून काय लपवू? बयनाबाईला नीट दिसत नाही, म्हणजे ती कुंकू लावल्यासारखी मधोमध टोचणार, असा विचार करून मी माझं नाव मध्ये लिहिलं. चंपतरावाचं सगळ्यात वर, कोपऱ्याला लिहिलं, म्हणजे माझं मोठं मन दिसावं. कागद कापसाच्या बोऱ्यावर ठेवला. पण सुईणपण सुटल्यावर बयनाबाई इतकी वर्षं अडत्याकडे बोरे शिवायची, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. बोऱ्याची शिवण कोपऱ्यापासून सुरू होते. तिनं बोरा चाचपला, सवयीनं वरचा कोपरा धरला आणि दाभण आरपार घातलं. चंपतरावाच्या नावात. मी टाळी वाजवली. (सगळ्यात आधी वाजवली, हे मास्तरांनाही आठवतं.)

मखमल कुठून आणायची? चंपतरावाची मथुराबाई हुशार. तिनं बैलाची जुनी मखमली झूल उसवून, आरशांसकट, नवऱ्याला कोट शिवला. तलवार भजनी मंडळाच्या सोंगातली, लाकडाची. मला मनातून फार बरं वाटलं. माणूस झूल घालून पोळ्यात उभा राहिला तर गाव हसल्याशिवाय राहील का? आणि दादा, गाव हसणारच होतं. पण आपल्या गावच्या बैलांना ठाऊक आहे की झूलवाला पुढे चालतो. ती झूल वीस पोळ्यांची. चंपतराव तोरणाकडे निघाला आणि सगळे बैल मुकाट त्याच्यामागे निघाले. धक्का नाही, भांडण नाही. पहिला कोण? तर माझाच ढवळ्या. माझ्या हातातला कासरा तसाच आणि मी त्याच्यामागे फरफटत. त्याच्या शिंगानं तोरण तुटलं ते माझ्या डोक्यावर. लोक म्हणाले, मुक्या जनावरालाही मान कळतो. माझ्या कानात आंब्याचं पान अडकलं होतं, ते कोणाला दिसलं नाही.

मग बोथहून मंडलाचे साहेब आले. आपल्याकडे न्यायाधीश कुठला, म्हणून चंपतराव त्यांच्याच शेजारी जाऊन बसला. साहेबांनी विचारलं, नाटक किती वाजता आहे? मी तर देवाचे आभार मानायच्याच बेतात होतो. चंपतराव शांतपणे म्हणाला, "नाटक नाही साहेब, मान हाय. आमी फक्त बसतो." साहेबांनी उठून त्याला नमस्कार केला. आता काय बोलावं?

पुढे तो घरोघर हिंडायला लागला. गयाबाई वीस उन्हाळे फाट्यावर वाटसरूंना पाणी पाजते, तिच्या हातात त्यानं नारळ दिला. ती रडली. विहिरीतला गाळ दर साली न सांगता काढणाऱ्या खुशालला नारळ. मी बावीस वर्षं मारुतीपुढे सांजदिवा लावतो. ते देवासाठी आहे, देवाला कळतं, चंपतरावाला कळायची काही गरज नाही. तरी त्या महिन्यात बाहेर झुलीचे आरसे चमकले की मी दार उघडून पाहायचो. विमल म्हणाली, "काऊन उठून राह्यले सारके सारके?" मी म्हणालो, हवा घेतोय.

आता पोळा महिन्यावर आला आहे आणि गाव म्हणतं, पुढच्या सालीही चंपतरावच राहू द्या. माझं काही म्हणणं नाही. गावात शांती आहे, माणूस भला आहे. मला मानाची हाव नाही, हे मी रोज मारुतीला सांगतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. थंडीत छाती झाकून फिरा.

तुमचा,
यशवंत

ता. क. – एक बारीकसं काम आहे. शेरीफ एकाच सालाचा असतो, लगेच दुसऱ्यांदा होताच येत नाही, हे दवाखान्याच्या छापील कागदावर लिहून केशवराव मास्तरांच्या नावे धाडावं. शिक्का असला तर मारावा. पोळ्याच्या आधी पोचलं पाहिजे. खरं म्हणजे पत्र त्याचसाठी लिहिलं.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून हे लिहितो. काल सांजेला दिवा लावत होतो तर झूल घालून चंपतराव देवळात आला. नारळ माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "यशवंता, बावीस साल झाले तू दिवा लावून राह्यला. सगळ्याइचे आभार मानले, अन् शेजारचाच राहून गेला. मले माफ कर." वात पुढे करायच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं. जाताना म्हणाला, "पुढच्या सालचा मान मी घेणार नाही, यशवंतालेच द्या म्हणून मास्तरले सांगून आलो."

ता. क. तिसरा – रात्र गेली, तरी मनातून जात नाही. आता मान मिळाला तरी गाव म्हणणार, चंपतरावानं दिला, केवढं मोठं मन! म्हणून तुमचा कागद पाहिजेच. कायद्यानं मिळाला असं दिसू द्या. कोटाची काळजी करू नका. चंपतराव माझ्यापेक्षा जाड आहे, तीच झूल विमल आत घेईल.

आणि एक. नव्या शेरीफानं जुन्याचे आभार मानावेत असा तिकडे रिवाज असला, तर तो मात्र कागदात लिहू नका. तेवढं मी आपल्या मनानं करीन.