लिंबावरचा फलक

४ ऑगस्ट

चि. चकचक्यास,
अ. उ. आ.

अक्षर सूनबाईचं, शब्द माझे. सोमवारी ऑपरेशन. एक डोळा कधीच गेला, उरलेल्याचं काय होतं ते बघू. पट्टी सुटली की घरी येऊन मला लिंबावरची काळी-पिवळी फुलपाखरं बघायची आहेत. दरवर्षी याच दिवसांत निघतात. बाकी जग पुरेसं पाहिलं.

तू म्हणे निसर्गमंडळात स्वयंसेवक झालास, टोपी आणि शिट्टीही मिळाली! चाळीस वर्षं दवाखान्यात बाटल्या पुसणाऱ्या कंपाउंडरला आता फुलपाखरांची काळजी. ऑपरेशनच्या आधी कळलं ते बरं, नंतर हसताना टाका निघाला असता. घर सांभाळ, बागेत फार हात घालू नकोस.

तुझ्यावर (अजून तरी) लोभ असलेली,
ताई

१० ऑगस्ट

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू हसतेस, पण मंडळाने तुझीच बाग निवडली! लिंबाच्या खोडाला फलक लावलाय: ‘फुलपाखरांचे माहेर’. येत्या मोजणीत पंधरा दिसली की तो कायमचा.

पाहणीआधी बाग आरशासारखी केली. रंगीत फुलांच्या कुंड्या आणल्या. लिंबाची पानं तर पाखरांच्या शिटांनी भरली होती. अख्खी सकाळ ओल्या फडक्याने एकेक पान पुसलं. फार चिवट शिटं, आणि वास कसला आंबट! अध्यक्षांनी पाठ थोपटली.

कौतुकाचा भुकेला,
तुझा धाकटा

१६ ऑगस्ट

चि. चकचक्यास,
आशीर्वाद राग गेल्यावर.

अरे दिवट्या, ती शिटं नव्हती, सुरवंट होते! पाखरांनी खाऊ नये म्हणून लहानपणी ते शिटासारखेच दिसतात. पाखरं फसतात, पण निदान फडकं घेऊन येत नाहीत.

आणि तुझ्या त्या विद्वान मंडळात एकालाही कळलं नाही? तुमच्या कुंड्या म्हणजे खानावळ. पोरं वाढतात ती लिंबाच्या पानांवर. तुझे भावजी कुरतडलेली पानं बघून फवारणीची बाटली काढायचे आणि मी ती लपवायची. इतकी वर्षं त्यांच्यापासून वाचवलं आणि तू एका सकाळीत सगळं पुसलंस. पट्टी सुटल्यावर मी काय बघू आता? तुझी टोपी?

सून म्हणते, जरा सौम्य लिहू या. मी नको म्हटलं.

लोभ आहे, पण तो तुझ्या फडक्यावर नाही.
ताई

२९ ऑगस्ट

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

चुकलो. तुझं पत्र तीनदा वाचलं.

काल मोजणी झाली. बारा माणसं, बारा वह्या, एक तास. फुलपाखरं शून्य. एकाने माशी लिहून घेतली. अध्यक्ष पक्कड घेऊन फलक काढायला आले. मी वाकून फलकामागे पाहिलं, तर त्याच्या पाठीला एक हिरवा कोश, कमरेला दोरा बांधल्यासारखा टांगलेला. पानांच्या खालच्या बाजू पुसायचा मला कंटाळा आला होता, तिथलाच एखादा सुरवंट वाचला असणार.

मी अध्यक्षांवर ओरडलो, ताई. आयुष्यात प्रथमच. ते म्हणाले, कोश मोजणीत धरत नाहीत. मी त्यांच्या हातात टोपी आणि शिट्टी ठेवली. फलक जागेवर आहे. तू लवकर ये.

तुझा आळशी धाकटा

३ सप्टेंबर

चि. चकचक्यास,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. डोळा उघडला. पहिली दिसली ती सून. बिचारी माझ्या कल्पनेपेक्षा बरीच दमलेली निघाली.

डॉक्टर अजून पंधरा दिवस प्रवास करू देत नाहीत. कोश माझ्यासाठी थांबणार नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? तेव्हा तूच बघ. जन्मात एकदा तरी एखादी गोष्ट न पुसता बघ.

तुझा आळस असाच वाढो.
ताई

८ सप्टेंबर

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

आज सकाळी निघालं. पंख ओले, चुरगळलेले. वाळायला तासभर गेला. मी हात मागे बांधून उभा होतो. मग उडालं, कुंड्यांकडे ढुंकूनही न बघता कुंपणापार गेलं. तू हवी होतीस.

आणखी एक. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पुन्हा शिटं दिसू लागली आहेत. या वेळी फडकं नाही, भिंग घेऊन गेलो.

त्यातली तीन हलतात. पंधरा दिवस झाले की निघ.

तुझा,
चकचक्या