निळ्या माशाचा अधिक महिना

१८ जुलै २००४
आजपासून अधिक श्रावण. शुभ दिवस पाहून खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी निळा मासा घेतला. मागच्या खेपेला जावई दिनेशराव टाकीतल्या दोन माशांकडे बघत म्हणाले होते, बाबा, एवढ्या मोठ्या घरात दोघंच? भाडेकरू ठेवा. मला राग आला नाही. फक्त झोप आली नाही. आठ ऑगस्टला ते अधिकाच्या वाणाला येतील, तेव्हा बघतील.

दुकानदार जमीलभाई म्हणाले, भाऊ, याला एक महिना वेगळ्या टबात ठेवा, बीमारी असली तर तिथंच कळेल, जुने वाचतील. मी म्हणालो, संयम माझा स्वभावच आहे.

१९ जुलै
टब मागच्या खोलीत मांडला. लता म्हणाली, तुमच्या आई मला चार दिवस बाजूला बसवायच्या, याला महिना? म्हटलं, शास्त्र आहे. म्हणाली, तेव्हाही हेच म्हणाला होतात. पुढे मी मौन पाळलं. तेही व्रतच.

२५ जुलै
मासा ठणठणीत. डोळे स्वच्छ. आजारी असता तर नजर चुकवली असती.

३१ जुलै, पौर्णिमा
अडचण. महिना भरतो अठराला, जावई येणार आठला. बराच वेळ चिंतन केलं. अधिकात केलेल्या व्रताचं फळ कितीतरी पटीने मिळतं. मासा वेगळा ठेवणं हेही व्रत. म्हणजे दोन आठवड्यांतच महिना भरून वर उरतो. जमीलभाईंकडे पंचांग नसणार. त्यांचा दोष नाही.

१ ऑगस्ट
पूजा आटोपून निळ्याला मोठ्या टाकीत सोडलं. लता म्हणाली, आधी जमीलभाईंना फोन करा. रविवारी माणसाला त्रास कशाला? ठमी म्हणजे लताची लाडकी, नारिंगी, तिच्या बोटांतून खाणारी. तिने निळ्याला ढुशी दिली. आपलेपणाने.

४ ऑगस्ट
निळ्याच्या अंगावर पांढरे ठिपके, साखर भुरभुरल्यासारखे. वयात येत असावा.

५ ऑगस्ट
ठमीही वयात आली. तिचा जोडीदारही. ठमीने लताच्या हातचं खाल्लं नाही. लता माझ्याशी बोलत नाही.

जमीलभाईंना फोन केला. पंचांगाचं समजावून सांगितलं. ते म्हणाले, भाऊ, किड्यांना पंचांग नाय समजत. तिघांना टबात काढा, औषध टाका. मोठी टाकी दीड महिना रिकामी ठेवा, मासा नसला की किडे उपाशी मरतील.

६ ऑगस्ट
तिघे टबात. ठमी कोपऱ्यात पडून. लता तिथेच पाट टाकून बसली आहे. यापुढे घाई नाही, असा संकल्प केला. ठमी वाचेपर्यंत चहा सोडला. दुपारी डोकं दुखलं म्हणून अर्धा कप घेतला.

८ ऑगस्ट
दिनेशराव आणि आमची लेक तृप्ती आले. मी टाकीत हात घालून काच आतून पुसली होती, दिवा लावून ठेवला होता. दिनेशराव बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, पाणी छान आहे.

तेवढ्यात आतून लताची हाक आली, ठमीने दाणा घेतला. दोघं आत धावले. सगळे टबाभोवती बसलेत, हसतायत. मीही उठलो, तर लता म्हणाली, तुम्ही तिथेच थांबा, टाकीतला हात टबात नको.

माझं ताट तृप्तीने बाहेर आणून दिलं.