गोठ्यातले पेशंट

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही ठीक. बाबांचं पुढे लिहिते, आधी बाकीचं वाच. विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला. कोंबड्या अंडी देतात, पण कुठे देतात ते कळू देत नाहीत.

शेतविक्रीच्या कागदांवर मी अजून सही केलेली नाही, हे तू ओळखलं असशीलच. कारण बाबा. झटका आल्यापासून सात महिने त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डॉक्टरांनी एका बाईंना पाठवलं. त्या प्राण्यांच्या सोबतीनं पेशंटवर उपचार करतात. आधी त्यांनी पांढराशुभ्र ससा आणून बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की ससाच बाईंच्या पिशवीत जाऊन बसला. मग शिकवलेली कुत्री आणली. ती बाबांच्या आधी झोपली.

तेवढ्यात आपलं गाढव दावं तोडून ओसरीवर आलं आणि बाईंची वही खाऊ लागलं. बाबा खुर्चीतून गरजले, "सोड! सोड म्हणतो ना!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी. "बोलले हो, बोलले!"

"बाई, वही गेली तुमची," मी म्हटलं.

"जाऊ द्या हो!"

आता बाबा रोज त्याला खरारा करतात, त्याच्याशी बोलतात. दर शनिवारी बाई आणखी सात-आठ पेशंटना गोठ्यात घेऊन येतात. एक निवृत्त मुख्याध्यापिका तर त्याच्या गळ्यात पडून रडतात. गाढव सगळं ऐकून घेतं, मध्ये बोलत नाही. आपल्या घरात असं हे पहिलंच.

एक सांगायचं टाळत होते. बाबा नुसतं "सोड" म्हणाले नव्हते. "सोड, गुंड्या!" म्हणाले होते. तू भांडून गेलास त्याच आठवड्यात त्यांनी गाढवाला तुझं घरातलं नाव ठेवलं. मनाला लावून घेऊ नकोस. मलाही ते रागानंच ठेवलंय असं वाटायचं. पण परवा खरारा करताना ऐकलं, "गुंड्या, त्या दिवशी मी जास्त बोललो रे. तुझं काही चुकलं नव्हतं."

गाढवानं कान हलवले. बाबांचं काही समाधान झालं नाही.

कागद मी टपालानं पाठवणार नाही. हवे असतील तर स्वतः येऊन घेऊन जा. शनिवारीच ये. त्या दिवशी गोठ्यात सगळेच रडत असतात, तुम्हा दोघांकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी धाकटी