मुशीचं झाकण

एल्म फोर्क, विस्कॉन्सिन
जानेवारीचा दुसरा रविवार

प्रिय टॅमी,

नाताळच्या कार्डापलीकडे तुला काही लिहून वीस वर्षं झाली. कार्डाचं बरं असतं, 'सगळे मजेत, यंदा थंडी फार' एवढं खरडलं की वर्ष संपतं. आज मात्र कोरे कागद घेऊन बसले आहे. मांसाचं दुकान आज बंद आहे, बाबा टीव्हीवरच्या सामन्यातल्या पंचाशी भांडताहेत. आधी बातमी सांगते, पण हसायचं नाही. परवा मंगळवारपासून मी पुन्हा रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्गात बसणार आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी! मला डॉक्टर व्हायचंय. हो, मला, जिने तू कापायला दिलेल्या बेडकाचे व्यवस्थित विक्रीयोग्य तुकडे करून ठेवले होते.

झालं असं, की आमचे म्हातारे डॉक्टर लुंडीन तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. जवळचा दवाखाना पन्नास मैलांवर. तेव्हापासून लोक कापलेलं बोट, सुजलेला घोटा घेऊन आमच्या काउंटरवर यायला लागले. 'डॉक्टर नाही तर निदान खाटीक तरी बघेल,' असं म्हणून हसायचे आणि खरंच दाखवायचे. गेल्या वर्षाआधीच्या नोव्हेंबरात, शिकारीच्या ऐन हंगामात, वॉल्ट नावाचं आमचं जुनं गिऱ्हाईक हरीण सोलायला टाकायला आलं. पावती घेताना त्याचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. मी त्याला पोत्यांवर आडवं केलं, मांस बांधायच्या गुलाबी कागदावर हात लुळा पडल्याची वेळ लिहिली आणि तो तुकडा कोटाला टाचून त्याला अँब्युलन्समध्ये चढवलं. इस्पितळातली डॉक्टरीण नंतर फोनवर म्हणाली, 'पक्षाघाताचं औषध ठरावीक तासांतच चालतं. ती वेळ कळली म्हणून देता आलं.' वॉल्ट आता चालतो, बोलतो आणि माझ्या सॉसेजना पूर्वीसारखीच नावं ठेवतो. पण त्या दिवशी हात धुताना मला रडू फुटलं. घाबरून नव्हे, इतकी वर्षं हे करायचं राहूनच गेलं म्हणून.

मग चाळीस मैलांवरच्या विद्यापीठात जाऊन सल्लागाराला भेटले. डेल्गाडो त्याचं नाव, वय असेल सव्वीस. मी आपलं ऐटीत सांगितलं, की रसायन, भौतिक, जीवशास्त्र सगळं एका वर्षात उरकते, मला कामाची सवय आहे. तो म्हणाला, 'बाई, ही जिन्याची पायरी आहे, उडी नाही. पहिलं रसायन झाल्याशिवाय दुसरं नाही, दुसऱ्याशिवाय सेंद्रिय नाही, सेंद्रियाशिवाय जीवरसायन नाही. एक सत्र हुकलं की अख्खं वर्ष गेलं. आणि तुमचं जुनं रसायन वीस वर्षांपूर्वीचं आहे, ते आता कुणी धरणार नाही.' पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात काय काय विचारतात त्याचे कागदही त्याने बरोबर दिले. घरी येऊन मी गुलाबी कागदाचा हातभर तुकडा फाडला, तीन वर्षांची सहा सत्रं आखली आणि शीतखोलीच्या दारावर चिकटवली. शिकारीचा हंगाम आणि प्रत्येक हिवाळी सत्राची परीक्षा एकमेकांच्या छाताडावर बसतात, तिथे मी लाल खूण केली आहे. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. 'म्हणजे तू पुरती डॉक्टर होशील तेव्हा मी पंच्याऐंशीचा,' म्हणाले. 'बरं, तोवर आजारी पडत नाही.' आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगत सुटले, की डुकराचा खांदा सोडवणारी पोरगी आता माणसाचा खांदा बसवणार आहे!

तो कागद आखताना सारखी आपली वसतिगृहातली खोली आठवत होती. तिसऱ्या मजल्यावरची, खडखडणाऱ्या हीटरची. खिडकीबाहेरचा कट्टा हाच आपला फ्रीज, त्यावर बाबांनी पाठवलेली सॉसेज, आणि ती पळवणारी ती जाडी खार, जिला तू आपल्या डीनबाईंचं नाव दिलं होतंस. हीटरवर सूपचा डबा तापत ठेवून तू मला मूलद्रव्यं पाठ करायला लावायचीस. चुकले की माझ्या वाटणीचं सूप दोन चमचे कमी. तुला डॉक्टर व्हायचं होतं, नऊ वर्षांची असल्यापासून, धाकट्या भावाचा दमा बघून. मी नुसती तुझ्या मागे मागे वर्गात यायचे, कारण तुझ्याशिवाय मला तिथे करमायचं नाही. इतकी सुखी मी नंतर कधी झाले नाही, हे तुला कधी सांगितलंच नव्हतं.

जुन्या कॉलेजकडून गुणपत्रक मागवावं लागलं. आलं तेव्हा हात पुसून उघडलं. रसायनात 'बी', अगदी सुबक. माझं नाव, माझा 'बी'. टॅमी, आता त्या फेब्रुवारीबद्दल लिहिते. मुशीत, म्हणजे त्या झाकणाच्या चिनी मातीच्या वाटीत, मोरचूद घ्यायचा, तापवून निळ्याचा पांढरा करायचा, तापवण्याआधी आणि नंतर वजन करायचं, पाणी किती उडालं ते काढायचं. आठवडाभरात कधीही येऊन करा, असा तो प्रयोग होता. मी गेलेच नाही. तळ्यावर बर्फातल्या मासेमारीची स्पर्धा होती, आणि तो डेव्हलिन की कोण, त्याच्या तंबूत ब्रँडी होती. बुधवारी तू अंघोळीला गेलीस तेव्हा तुझी वही टेबलावर होती. दहा मिनिटांत आकडे उतरवले, शाईने, आणि गुरुवारी वही देऊन टाकली. शेवटच्या पानावर आपण सगळे लिहायचो ती शपथही लिहिली, की मी कुणाची मदत घेतली नाही आणि दिली नाही. खाली सही केली.

आकडा अशक्य होता हे मला कळलंसुद्धा नाही. तापवून मोरचुदाचं वजन वाढलं होतं! तुला मात्र कळलं होतं. तरी तू आकडा बदलला नाहीस. शुक्रवारपर्यंत डोकं लढवलंस आणि शेजारी 'चूक कुठे झाली कळत नाही' असं लिहून वही दिलीस. मग दोन वह्यांत एकच अशक्य आकडा सापडला आणि शिस्त समितीने आपल्याला वेगवेगळं बोलावलं. माझी वही आधी आली होती. समिती म्हणाली, चूक कुठे झाली हे माहीत नाही, म्हणजे प्रयोग हिने केलाच नाही. त्यांनी मला विचारलं, कुठल्या टेबलाशी होतीस? मी म्हणाले, खिडकीजवळच्या. इतकं सहज म्हणाले, की माझं मलाच खरं वाटलं. तू आत काय सांगितलंस हे मला कधी कळलं नाही. फक्त माझं नाव घेतलं नाहीस एवढं कळलं. तुला नापास केलं, वर्षभरासाठी कॉलेजातून काढलं, तू घरी गेलीस आणि परत आलीच नाहीस. बॅग भरताना उरलेली सॉसेज खारीसाठी कट्ट्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, 'ब्रिटा, डीनबाईंना उपाशी ठेवू नकोस हं.' मला वाटलं होतं, शिव्या देशील. दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

त्यानंतर अठरा वर्षं तू डलुथच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करण्यात काढलीस. 'आज तीन आज्यांचे केस विंचरले,' असं तू एका कार्डावर लिहिलं होतंस. ते कार्ड माझ्या गल्ल्यामागे आहे. मी ते रोज बघते आणि रोज नजर वळवते. आता डेल्गाडोने दिलेल्या कागदांच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे. आधी शिकत असताना तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? डेल्गाडो म्हणाला, 'तुमचं तसलं काही नाही ना? मग "नाही" वर खूण, की विषय संपला.' आणि खरंच, माझ्यावर कधी कारवाई झालेली नाही. 'नाही' लिहिलं तर ते अक्षर न् अक्षर खरं ठरेल. पण हाच प्रश्न तुला विचारला तर तुला 'हो' लिहावं लागेल. दोन आठवडे हे मला गिळता आलं नाही. शेवटी मी त्याला सगळं सांगितलं, कॉलेजला कबुली देणार आहे हेही. 'बाई, हे स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारणं आहे,' म्हणाला. '"हो" लिहिणाऱ्यांनाही घेतात, पण थोड्यांना. आणि तुमचं वय बघता...' पुढचं वाक्य त्याने चांगुलपणाने सोडून दिलं. बाबांनाही सांगितलं. सुऱ्या पुसून झाल्यावर एवढंच म्हणाले, 'त्या पोरीने माझी सॉसेज खाल्ली होती ना? मग लिही.'

काल मी कॉलेजला पत्र पाठवलं. वही उतरवली ती मी, खोटं बोलले ती मी, टॅमीच्या नावावरचा ठपका काढा, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याची नक्कल सोबत आहे. तुला आधी विचारलं नाही, कारण तू 'जाऊ दे गं' म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं. मी स्वतःला ओळखते. त्यांचं पत्र तुला येईल, तेव्हा दचकू नकोस. ते त्यांच्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. आता माझ्यावर कारवाई झाली आणि अर्जात मला 'हो' लिहावं लागलं तर लिहीन. मंगळवारी वर्गात मात्र जाणार आहे, पुढचं पुढे. माफी मागायला तोंड नाही, तरी मागते. आणि एक राहिलं, जे वीस वर्षं तुला देणं होतं. माझी वही परत देताना प्राध्यापक मला म्हणाले होते, 'पुढच्या वेळी पहिल्या वजनातही झाकण धर.' तू पहिल्यांदा मूस उघडी तोललीस आणि तापवल्यावर झाकणासकट. चूक तिथे झाली, टॅमी. तुझी तेवढीच. बाकी सगळी माझी.

तुझीच, आणि तेव्हाही तुझीच असायला हवी होती अशी,
ब्रिटा